वस्तू एक, बोलणं दहा ठिकाणी

बेन न्यूज सर्व्हिस ही न्यूयॉर्कमधली जुनी वृत्तछायाचित्र संस्था. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्याकडचे फोटो काचेच्या निगेटिव्हवर निघत आणि त्या काचेवरच कुणीतरी दोन शब्द खरडून ठेवत असे. एखादं आडनाव, एखाद्या बोटीचं नाव, फार तर तारीख. बातमी ताजी असताना तेवढं पुरत होतं. पुढे या निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या आणि कॅटलॉगात शीर्षक म्हणून तेच खरडलेले शब्द गेले. सोबत एक प्रामाणिक टीप, की शीर्षक निगेटिव्हवरच्या मजकुरावरून घेतलं आहे. आडनाव आहे पण माणूस कोण ते ठाऊक नाही, अशा नोंदी त्या संग्रहात पुष्कळ होत्या.

16 जानेवारी 2008 रोजी लायब्ररीने त्यांतले सुमारे दीड हजार फोटो फ्लिकर या फोटो ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवले. त्यांच्या जोडीला 1930 आणि 1940 च्या दशकांतले जवळपास तितकेच रंगीत फोटो. ‘द कॉमन्स’ नावाच्या उपक्रमाची ती सुरुवात. लोकांनी ते फोटो नुसते पाहिले नाहीत, ते त्यांच्यावर बोलू लागले. कुणी जुन्या वर्तमानपत्रांच्या स्कॅनमधून त्याच दिवसाची बातमी काढून खाली डकवली, कुणी मागचा रस्ता ओळखला, कुणी दुसऱ्याने ओळखलेलं खोडून काढलं. ऑक्टोबर 2008 मध्ये लायब्ररीने आपला अहवाल काढला तेव्हा 2,562 जणांच्या खात्यांवरून 2,873 फोटोंवर 7,166 प्रतिक्रिया आलेल्या होत्या आणि त्यांच्या आधारे कॅटलॉगातल्या पाचशेहून अधिक नोंदी सुधारून झाल्या होत्या. आजही त्या नोंदी उघडल्या तर माहितीशेजारी ‘स्रोत: फ्लिकर कॉमन्स प्रोजेक्ट’ असं वर्षासकट लिहिलेलं दिसतं.

पाचशे आणि सात हजार हे आकडे शेजारी ठेवले तर ढोबळमानाने चौदा प्रतिक्रियांमागे एक नोंद सुधारली. हिशेब काटेकोर नाही. एका दुरुस्तीमागे पाच जणांची वादावादी असू शकते आणि एकाच चिकट माणसाने वीस नोंदी मार्गी लावलेल्या असू शकतात. तरीही ज्यांना इंटरनेटवरच्या प्रतिक्रिया म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो, त्यांनी हे प्रमाण एकदा नीट पाहावं. उरलेल्या तेरांमध्ये ‘वा, सुंदर!’ असणार, इमोजी असणार, विनोद असणार. असू देत. दगड फोडल्याशिवाय खाणीतून काही निघत नाही.

ही गोष्ट जमली त्याला एक कारण होतं, आणि ते आता उरलेलं नाही. ते सगळं बोलणं एका ठिकाणी होत होतं. लायब्ररीचे कर्मचारी रोज एकच दार उघडत आणि आत काय आलंय ते वाचत. आज संग्रहातली कुठलीही वस्तू एकदा खुली झाली, की ती संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते, युरोपियानासारख्या एखाद्या एकत्रित दालनात असते, विकिपीडियाच्या खुल्या चित्रसाठ्यात म्हणजे विकिमीडिया कॉमन्सवर असते, फ्लिकरवर असते, शिवाय इतिहासप्रेमींच्या फेसबुक ग्रुपवर, रेडिटवर, इन्स्टाग्रामवर आणि पिंटरेस्टवर असते. प्रत्येक प्रतीखाली वेगळी माणसं वेगळं बोलतात. एका ठिकाणी तीन वर्षांपूर्वी सुटलेलं कोडं दुसऱ्या ठिकाणी लोक नव्याने सोडवायला बसलेले असतात. आणि जिथे वस्तू खरोखर ठेवलेली आहे, तिथल्या नोंदीत अजून ‘अज्ञात व्यक्ती’च असते.

माझं म्हणणं असं आहे की जी संस्था वस्तू सांभाळते, तिने त्या वस्तूबद्दल बाहेर होणारं बोलणं शोधणं, एकत्र करणं आणि वस्तूच्या नोंदीला जोडून टिकवणं हा तिच्या कामाचा भाग मानला पाहिजे. समाजमाध्यम सांभाळणाऱ्या एखाद्या हौशी कर्मचाऱ्यावर ते सोडून चालणार नाही. कॅटलॉग करणं, वस्तूची डागडुजी करणं, तिची आर्द्रता तपासणं हे जसं ठरलेलं काम आहे, तसंच हेही. मात्र एकत्र करायचं म्हणजे नेमकं काय, यावर माझी काही ठाम मतं आहेत आणि ती सगळ्यांना पटतीलच असं नाही.

आधी हे पाहू की बोलणं परत का येत नाही. त्याचं कारण तांत्रिक रचनेतच आहे. ग्रंथालयं आणि संग्रहालयं आपल्या नोंदी एकमेकांना देतात त्यासाठी 2001 साली ओएआय-पीएमएच नावाची पद्धत आली. ती अजून वापरात आहे आणि तिचं काम ती चोख करते. मोठं दालन लहान संस्थेच्या दारात जातं, नव्या आणि बदललेल्या नोंदी उचलतं, आपल्या शोधयंत्रात भरतं. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली युरोपियाना, 2013 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली अमेरिकेची डिजिटल पब्लिक लायब्ररी, यांची सगळी उभारणी अशा ‘उचला आणि भरा’ व्यवहारावर झाली. पण ही पद्धत एकाच दिशेने चालते. दालनात एखाद्या वाचकाने चूक दाखवली, तर ती मूळ संस्थेकडे पोहोचवण्याची सोय त्या पद्धतीत नाहीच. त्यासाठी कुणीतरी ईमेल लिहावा लागतो. ज्याला चूक कळली त्याला ईमेल कुणाला लिहायचा ते माहीत नसतं, आणि ज्याला ईमेल येतो त्याला पुष्कळदा कॅटलॉग बदलायचा अधिकार नसतो.

ही परतीची वाट माणसांनी मुद्दाम बांधली तर काय होतं याचं एक चांगलं उदाहरण जर्मनीत आहे. डिसेंबर 2008 मध्ये तिथल्या संघीय अभिलेखागाराने, म्हणजे बुंडेसआर्काइव्हने, आपल्याकडचे 80 हजारांहून अधिक फोटो विकिमीडिया कॉमन्सला खुल्या परवान्यावर दिले. विकिमीडियाच्या स्वयंसेवकांनी तिथे या फोटोंमधल्या चुका नोंदवण्यासाठी वेगळं पान उघडलं. कुठल्या फोटोतलं स्थळ चुकलंय, कुठली तारीख शक्यच नाही, कुठला अधिकारी भलताच आहे, हे सगळं तिथे क्रमांकासकट जमा होऊ लागलं. इथे तंत्रज्ञान जवळपास शून्य आहे. एक पान, एक यादी आणि दोन्ही बाजूंना ती वाचणारी माणसं, एवढंच.

त्या संग्रहात आणखी एक शहाणपण आहे. त्यातल्या अनेक फोटोंच्या मूळ ओळी युद्धकाळातल्या प्रचारयंत्रणेने लिहिलेल्या. अभिलेखागाराने त्या तशाच ठेवल्या, कारण त्या स्वतःच पुरावा आहेत. प्रत्येक फोटोखाली इशारा मात्र दिला, की मूळ ओळ चुकीची, पक्षपाती, कालबाह्य किंवा राजकीयदृष्ट्या टोकाची असू शकते. मूळ ओळ, इशारा आणि आजच्या वाचकाची दुरुस्ती, असे तीन आवाज वेगवेगळे ऐकू येतात. मला अभिप्रेत असलेलं ‘एकत्र करणं’ हे असं आहे. सगळ्याचा काला करून एक गुळगुळीत वर्णन तयार करणं मला नको आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: बोलणं जिथे झालं तिथे ते आहेच की, लिंक दिली म्हणजे झालं. हा आक्षेप मला आळशी वाटतो. लोकांची घरगुती संकेतस्थळं फुकट ठेवणारं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं. गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं. याहू ग्रुप्सवर वंशावळी, जुनी यंत्रं, नाणी, रेल्वे अशा विषयांवर वर्षानुवर्षं चर्चा करणारी मंडळी होती. डिसेंबर 2020 मध्ये ते दुकानही उठलं, आणि साठलेला मजकूर त्याआधीच पुसायला घेतला होता. फ्लिकर स्वतः 2005 मध्ये याहूकडे गेलं, याहूसोबत पुढे व्हेरायझनकडे, आणि 2018 मध्ये स्मगमग या दुसऱ्या फोटो-कंपनीकडे. त्याच वर्षी नव्या मालकाने मोफत खात्यांवर हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. फ्लिकरच्या ‘द कॉमन्स’मधल्या संस्थांना त्यातून सूट मिळाली म्हणून ते संग्रह वाचले. मालकाची इच्छा वेगळी असती तर? प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये दाखवून दिलं की 2013 साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. नुसत्या लिंकवर ज्ञान टांगून ठेवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

शिवाय व्यासपीठं जिवंत असली तरी दारं बंद होत चालली आहेत. फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती परस्पर वापरली गेल्याच्या 2018 मधल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर फेसबुकने बाहेरच्यांना मजकूर वाचू देणाऱ्या सोयी आवळल्या. 2023 मध्ये ट्विटरने मोफत एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला मजकूर वाचू देणारी सोय, बंद केला, त्याच वर्षी रेडिटने आपल्या एपीआयला पैसे लावले. ऑगस्ट 2024 मध्ये मेटाने क्राउडटँगल हे संशोधकांचं साधन बंद केलं. आणि दुसरीकडे फेब्रुवारी 2024 मध्ये रेडिटने आपला मजकूर वापरू देण्याबद्दल गूगलशी करार जाहीर केला. लोकांनी फुकट लिहिलेल्या बोलण्याला बाजारात किंमत आहे, हे आता कुणी नाकारू शकत नाही. ज्या फोटोवरून ते बोलणं सुरू झालं तो सांभाळणाऱ्या संग्रहालयाच्या वाट्याला मात्र त्यातलं काहीच येत नाही. ज्याने ती माहिती दिली त्याच्याही नाही.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या बाजूने येतो. एकत्र करायचंच तर सगळंच करा, साठवणूक स्वस्त आहे, निवडायचं पुढे बघू. या मोहाचं सर्वांत मोठं उदाहरणही लायब्ररी ऑफ काँग्रेसचंच आहे. एप्रिल 2010 मध्ये तिने जाहीर केलं की ट्विटरवरचे सगळे सार्वजनिक ट्वीट, 2006 पासूनचे, ती जतन करणार. सात वर्षांनी, डिसेंबर 2017 मध्ये, तिनेच सांगितलं की 1 जानेवारी 2018 पासून फक्त निवडक ट्वीट घेतले जातील, आणि जमलेला साठा प्रश्न सुटेपर्यंत वाचकांसाठी बंदच राहील. ढीग इतका मोठा झाला की त्यात शोधणंच अवघड होऊन बसलं. त्याच संस्थेने 2008 मध्ये काही हजार प्रतिक्रिया माणसांकरवी वाचून शेकडो नोंदी सुधारल्या होत्या. दोन्ही अनुभव एकाच घरातले आहेत म्हणून तुलना जास्त बोलकी ठरते. मला विचाराल तर वाचली न जाणारी दहा कोटी वाक्यं साठवण्यापेक्षा वाचून, तपासून, वस्तूला जोडलेली दहा हजार वाक्यं हवीत.

म्हणजे निवड आली. निवड आली की निवडणारा आला आणि त्याचा कलही आला. इथे खरी अडचण आहे आणि ती मी झाकणार नाही. संग्रहालयातला माणूस स्वाभाविकपणे काय निवडेल? त्याच्या कॅटलॉगाच्या रकान्यात बसेल ते: नाव, स्थळ, तारीख. पण लोक वस्तूबद्दल जे बोलतात त्यातला मोठा भाग रकान्यात बसत नाही. ‘हे यंत्र चालवताना डावा हात पट्ट्यापासून लांब ठेवावा लागे’ हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकणार? ‘माझ्या आजीच्या घरी असंच होतं, पण आम्ही त्याला वेगळं नाव देत असू’ हे? यातलं दुसरं वाक्य वरवर निरर्थक आठवण वाटते. प्रत्यक्षात त्यात त्या वस्तूचा प्रसार, वापर आणि नाव अशी तीन प्रकारची माहिती आहे. आणि अशी वाक्यं बहुतेक वेळा संस्थेच्या भाषेत नसतात. वस्तू जिथून आली तिथल्या लोकांच्या भाषेत असतात, दूरच्या कुठल्यातरी ग्रुपमध्ये. शोधयंत्राला ती सापडत नाहीत, यंत्राने केलेल्या भाषांतरात त्यांचा अर्थ घसरतो. विखुरलेलं बोलणं गोळा करायची सर्वांत जास्त गरज इथेच आहे आणि सर्वांत कमी प्रयत्नही इथेच होतात.

संभाषणाचंही तसंच. उपयोगी ठरलेली शेवटची ओळ उचलून बाकीचं सोडून द्यायची सवय मला घातक वाटते. फोटोतली इमारत कुठली यावर चौघांनी वाद घातला, तिघांचे अंदाज चुकले, चौथ्याने नकाशा दाखवला. कॅटलॉगात फक्त चौथ्याचं उत्तर गेलं तर पुढच्या वाचकाला ते का मानायचं हे कळणार नाही. उद्या त्या नकाशातच चूक निघाली तर बाद झालेल्या तीन अंदाजांपैकी एक बरोबर ठरू शकतो. म्हणून कॅटलॉगात उत्तर जावं, पण ज्या वादातून ते आलं तो वाद शेजारी जतन व्हावा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वर्तमानपत्र-संग्रहावर, जो आता ‘ट्रोव्ह’ या ऑनलाइन दालनात आहे, 2008 पासून वाचक जुन्या वर्तमानपत्रांचा यंत्राने चुकीचा वाचलेला मजकूर ओळीओळीने दुरुस्त करत आले आहेत. दुरुस्ती लगेच शोधात येते, मूळ पानाची प्रतिमा शेजारीच असते, ज्याला शंका येईल तो ताडून पाहू शकतो. तपासायची सोय उघडी असली की वाचकावर विश्वास टाकायला संस्थेला भीती वाटत नाही.

आता परवानगीचा प्रश्न. एखाद्या बाईने फेसबुकच्या एका ग्रुपमध्ये, ओळखीच्या दोनशे माणसांसमोर, जुन्या फोटोतली मुलगी आपली मावशी असल्याचं सांगितलं. ते वाक्य उचलून राष्ट्रीय संग्रहालयाच्या पानावर कायमचं लावायचा अधिकार संग्रहालयाला आहे का? माझ्या मते नाही, ग्रुप तांत्रिकदृष्ट्या ‘सार्वजनिक’ असला तरीही नाही. तिने ते त्या दोनशे जणांसाठी लिहिलं होतं. लेखकाचा हक्कही तिचाच आहे. फोटो खुला झाला म्हणून त्याखालच्या वाक्यांवर आपोआप कुणाचा परवाना बसत नाही. विकिमीडियाच्या चर्चापानांची गोष्ट वेगळी. तिथे लिहिणारा लिहितानाच आपला मजकूर श्रेयासह पुन्हा वापरायला देत असतो, तो परवाना तिथे स्पष्ट लिहिलेला असतो. म्हणून दोन्ही ठिकाणांना एकच जाळं लावून चालणार नाही.

मग करायचं काय? विचारायचं. ‘तुम्ही दिलेली माहिती आम्हाला आमच्या नोंदीला जोडायची आहे. तुमच्या नावाने जोडू, नावाशिवाय जोडू, की नको?’ इतका साधा निरोप. पुष्कळ लोक आनंदाने हो म्हणतील, कारण आपलं कुणी ऐकलं याचं सुख मोठं असतं. काही जण उत्तर देणार नाहीत. त्यांचं वाक्य घेऊ नये, पण त्यातून मिळालेला धागा संस्थेने स्वतंत्रपणे तपासायला हरकत नाही. व्यक्तिगत माहितीबद्दलच्या युरोपच्या जीडीपीआर कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे आणि सार्वजनिक हितासाठी अभिलेख जपणाऱ्यांना त्यातून मर्यादित सूटही आहे. ती सूट शेवटचा आधार म्हणून वापरावी, पहिलं हत्यार म्हणून नको. विचारण्याने काम मंदावेल हे मान्य. ते मंदावलेलंच बरं.

आणि काही प्रतिक्रिया अशा असतात की त्या वस्तूबद्दल नवीन माहिती देत नाहीत, वस्तू काढून टाका म्हणतात. आदिवासी समूहांच्या विधीवस्तू, दफनस्थळांचे फोटो, वारलेल्या माणसांच्या प्रतिमा. ऑस्ट्रेलियातल्या संस्थांच्या संकेतस्थळांवर मृत व्यक्तींच्या प्रतिमा दिसू शकतात असा इशारा मूलनिवासी वाचकांसाठी दिलेला असतो, तो याच जाणिवेतून आला. तिथल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ ही प्रणाली घडली. तिच्यात कुठली वस्तू कुणी पाहायची हे तो समूहच ठरवतो. एखाद्या फोटोखाली कुठेतरी कोपऱ्यात ‘हे दाखवायचं नसतं’ असं एकाच माणसाने लिहिलेलं असेल तर ते वाक्य त्या वस्तूबद्दलचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य असू शकतं. लाइक्सच्या क्रमाने लावलेल्या यादीत ते तळाला जातं. बोलणं गोळा करण्याची कुठलीही पद्धत आधी या कसोटीवर घासून पाहावी: तळातला एकटा आवाज ती वर आणते का?

तंत्राबद्दल थोडक्यात, कारण तंत्र उपलब्ध आहे, अडलंय ते दुसरीकडे. सर्वांत आधी वस्तूला कायमचा क्रमांक हवा. अशा क्रमांकांच्या पद्धती आहेतच: 2001 पासून एआरके आहे, त्याआधीपासून हँडल आणि डीओआय आहेत. संकेतस्थळ बदललं तरी क्रमांक बदलू नये, एवढी साधी अट. पण नवं सॉफ्टवेअर आलं की संस्था सगळे पत्ते बदलून टाकतात आणि जगभरातल्या जुन्या लिंका एका रात्रीत मरतात. त्यांच्यासोबत त्या लिंकांवरून वस्तू ओळखता येणारं सगळं बोलणंही अनाथ होतं. हा क्रमांक फोटोच्या फाइलमध्येही कोरावा, आणि फोटोच्या कडेवर छोट्या अक्षरांत छापलेलाही असावा. सौंदर्यदृष्टीच्या मंडळींना ते रुचत नाही. पण अनेक समाजमाध्यमं फाइलमधली माहिती अपलोड करतानाच गाळून टाकतात, तेव्हा डोळ्यांना दिसणारा क्रमांक तेवढा उरतो.

बाकी जोडकामासाठी 2017 साल फारच उदार होतं. त्या जानेवारीत वेबमेन्शन आणि फेब्रुवारीत वेब अ‍ॅनोटेशन, दोन्हींना डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण म्हणून मान्यता दिली. पहिल्याने एक पान दुसऱ्याला ‘मी तुझ्याबद्दल लिहिलंय’ असं कळवू शकतं. दुसऱ्याने टिप्पणी ही स्वतंत्र चीज होते: तिचा लेखक वेगळा, ठिकाण वेगळं, आणि ती चित्राच्या नेमक्या कोणत्या भागाबद्दल आहे हे तिच्यातच लिहिलेलं. 2011 पासून ब्रिटिश लायब्ररी, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्डचं बॉडलियन वगैरे संस्थांनी मिळून उभारलेल्या ट्रिपल-आयएफ या चित्रं दाखवण्याच्या सामायिक पद्धतीमध्ये याच टिप्पण्या वापरल्या जातात. चित्र मूळ संस्थेच्याच सर्व्हरवर राहतं आणि इतरांना आपापल्या पानावर ते दाखवता येतं. अर्थात 2002 मधल्या ट्रॅकबॅक या ब्लॉगांवरच्या अशाच सोयीचा अनुभव विसरू नये. ‘मी तुझ्याबद्दल लिहिलंय’ म्हणायची सोय दिली की औषधं आणि जुगार विकणारे सगळ्यात आधी येतात. ट्रॅकबॅक स्पॅमखाली गाडलं गेलं. दारात माणूस बसवल्याशिवाय कुठलंही परतीचं दार उघडं ठेवता येत नाही.

विखुरण्यात काही चांगलंही असतं, हे इथे सांगायलाच हवं. ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर 2013 मध्ये सुमारे 65 हजार जुन्या ग्रंथखंडांच्या पानांतून काढलेली दहा लाखांहून अधिक चित्रं फ्लिकरवर टाकली. पुस्तक कुठलं आणि पान कितवं हे ठाऊक होतं, चित्रात काय आहे हे ग्रंथालयालाच माहीत नव्हतं. म्हणून तर लोकांना विचारलं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या ग्रंथालयावर सायबरहल्ला झाला आणि मुख्य कॅटलॉगसुद्धा पुढच्या जानेवारीपर्यंत परत येऊ शकला नाही. फ्लिकरवरची चित्रं ग्रंथालयाच्या यंत्रणेबाहेर होती, त्यांना त्या हल्ल्याची झळ लागायचं कारणच नव्हतं. तेव्हा ‘सगळं बोलणं आमच्याच संकेतस्थळावर करा’ असा फतवा काढणाऱ्या संस्थांशी माझं जमणार नाही. लोक जिथे आहेत तिथेच बोलणार. बोलणं तिथेच राहू द्यावं आणि त्याची एक प्रत, श्रेय आणि तारखेसह, वस्तूजवळ यावी. फ्लिकर फाउंडेशन सध्या ‘डेटा लाइफबोट’ नावाने फोटो आणि त्यांच्याभोवतीचं बोलणं एकत्र बांधून ठेवायचा प्रयोग करत आहे, त्याची दिशा मला योग्य वाटते. पण ती नाव कुठल्या किनाऱ्याला लावायची हे संस्थांनी ठरवायचं आहे, आणि बहुतेक संस्थांकडे आज धक्काच नाही.

एक नवा शॉर्टकट सध्या फार विकला जातो: हजारो प्रतिक्रिया भाषा-मॉडेलला द्यायच्या आणि ‘लोकांचं म्हणणं’ असा एक परिच्छेद तयार करून घ्यायचा. विखुरलेलं शोधायला, वेगवेगळ्या भाषांतलं एका वस्तूशी जुळवायला ही साधनं जरूर वापरावीत. पण तो परिच्छेद नोंदीत घालू नये. कुणी म्हटलं, कधी, कशाच्या आधारावर, हे त्यात पुसलं जातं, आणि सात जणांचं चुकीचं एका जाणकाराच्या बरोबरवर मात करून जातं.

शेवटी हे सगळं पैशापाशी येऊन थांबतं. डिजिटायझेशनचं अनुदान मागताना अर्जात किती वस्तू स्कॅन होणार हा आकडा विचारतात. स्कॅन झाल्यावर पाच वर्षं लोकांचं बोलणं कोण वाचणार, याचा रकाना नसतो. त्यामुळे संस्था प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात सगळं खुलं करतात, बातमी छापून आणतात आणि कंत्राटी माणसं घरी जातात. बोलणं तर त्यानंतर सुरू होतं. माझा प्रस्ताव अप्रिय आहे: तेवढ्याच पैशात दहा टक्के कमी वस्तू स्कॅन करा आणि वाचलेल्या रकमेतून एक माणूस नेमा. त्याच्याकडे कॅटलॉग बदलायचा अधिकार असू द्या, लोकांना उत्तर द्यायचा वेळ असू द्या, दोनतीन भाषा येत असतील तर उत्तमच. ज्या दहा टक्के वस्तू मागे पडतील त्यांच्यावर अन्याय होईल, हे खरं आहे. पण त्या कपाटात सुरक्षित आहेत, पुढच्या वर्षी स्कॅन होतील. ज्या वृद्ध माणसाला ते यंत्र कसं चालायचं हे आठवतं, त्याने ते या आठवड्यात कुठल्यातरी ग्रुपमध्ये लिहिलंय, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा विचारता येईलच याची खात्री नाही.